लॅन्थनाइड, ॲक्टिनाइड आणि मी चौथी पास

लॅबच्या बेसिनखाली फुटक्या टेस्टट्यूबचा डबा असतो. आज रिकामा करा, चार दिवसांत भरतो. किस्स्यांचंही तसंच. मुद्दाम कुणी फोडत नाही, पण साठतात!

मी लोणीचा. ओतूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब अटेंडंट होतो. माझ्या शेवटच्या वर्षी एम.एस्सी.चा वर्ग बंद करायचं घाटत होतं. कमिटी येणार, पोरांना लॅन्थनाइड आणि ॲक्टिनाइड या मूलद्रव्यांच्या दोन घराण्यांच्या संयुगांची तुलना विचारणार, मग ठरवणार. वर्ग गेला तर पोरं पुण्याला जातील. पोरींना कोण धाडतंय?

*

नवे सर पुण्याहून आलेले. दुसऱ्याच दिवशी माझ्यावर डाफरले, "काका, बाटल्या बदलल्यात तुम्ही! काल निओडिमियमचं मीठ गुलाबी होतं, आज निळसर आहे!"

"काल खिडकीत बघितलंत, आज ट्यूबलाइटखाली. न्या परत उन्हात."

नेलं. गुलाबी!

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. तुमी पुस्तकं वाचता, आमी बाटल्या पुसतो!"

*

डुंबरे मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्या शिकवत होत्या, की लॅन्थनाइड बहुतेक तीन इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात. युरेनियम मात्र ॲक्टिनाइड, तो कधी तीन देतो, कधी चार, पाच, सहा. पोरांच्या डोक्यात शिरेना. मला राहवलं नाही.

"लॅन्थनाइड म्हंजे एका आईची पोरं, एकाच वळणाची. अन् युरेनियम म्हंजे गावचा पुढारी. समोर कोण बसलंय ते बघून ठरवणार!"

चाचणी परीक्षेत आठ जणांनी 'पुढारी' लिहिलं. मॅडमनी मार्क दिले!

*

मग मॅडम मलाच म्हणाल्या, "काका, उद्या कांदे आणा. काही सुके, काही कोंब फुटलेले."

आणले. मॅडमनी सुका कांदा चिरला. "लॅन्थनाइडचे खास इलेक्ट्रॉन असे आत दडलेले, बाहेरच्याला पत्ता नाही." मग कोंबाचा उचलला. "ॲक्टिनाइडचे असे बाहेर डोकावतात, म्हणून दुसऱ्याशी जोडले जातात." तास रंगला.

नंतर नव्या सरांनी विचारलं, "या कांद्यांचं काय करायचं?"

"लॅन्थनाइड घरी न्या. ॲक्टिनाइडची भजी चांगली होत नाय!"

*

वर्गात सगळ्यात हुशार आणे गावची सविता. तिचे वडील एक दिवस थेट लॅबमध्ये. "वर्ग बंदच व्हनार हाय म्हनं. पोरीला न्यायला आलोय. तसाबी या शिक्शनाचा उपेग काय?"

मी त्यांचा मोबाइल मागितला आणि आवाजाच्या भोकांवर टाचणी ठेवली. चिकटली!

"पावणं, आत लोहचुंबक हाय. त्यात निओडिमियम, लॅन्थनाइडच. तुमची पोरगी त्येच शिकतीय."

त्यांनी टाचणी तीनदा काढली, तीनदा लावली. मग टोपी सारखी करत म्हणाले, "कमिटी येस्तवर ऱ्हाऊ द्या."

*

कमिटी आली. युरेनियमचं पिवळं मीठ यूव्ही दिव्याखाली हिरवं चमकतं, ते दाखवायचं ठरलेलं. मॅडमनी बटण दाबलं आणि लाइट गेली!

कमिटीचे अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मॅडमचा चेहरा उतरला.

सविता माझ्याकडे वळली. "काका, स्टोअरमधली गॅसबत्ती आणा. तिचं मेंटल जुनंच आहे ना?"

"जुनं म्हंजे? बाजारातल्या शेठच्या दुकानात वीस वर्षं पडून व्हतं!"

मी पंप मारला. भर दुपारी लॅब पांढरी झाली. ती पोरगी बत्तीशेजारी ताठ उभी राहिली. "सर, हे जाळीचं मेंटल. जुन्या मेंटलात थोरियमचं ऑक्साइड असतं, आणि चिमूटभर सिरियमचं. थोरियम ॲक्टिनाइड, सिरियम लॅन्थनाइड. तुलना समोर आहे."

अध्यक्ष म्हणाले, "मग इलेक्ट्रॉन देण्याचा आकडा बदलतो कोण? ॲक्टिनाइडच ना?"

"इथं उलटं आहे, सर. थोरियम चारवरून हलत नाही. सिरियम तीन-चार, तीन-चार करतो."

अध्यक्ष खुर्चीतून उठले. बत्ती विझवायला लावली, गार झाल्यावर काच काढायला लावली आणि बोट पुढं केलं.

"सर, हात लावू नका!" सविता ओरडली.

तोवर लावला होता. मेंटलची भुकटी झाली!

नव्या सरांनी डोळेच मिटले. अध्यक्षांनी बोट धुतलं, रुमालाला पुसलं, पेन काढलं आणि अहवालात लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं, "संयुगं कशी हाताळावीत, हे येथील विद्यार्थिनींना परीक्षकांपेक्षा चांगलं कळतं. वर्ग चालू ठेवावा."