खांब गेला तर

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या सकाळी तेव्हा धुक्यात तरंगायच्या. तिसऱ्या मजल्यावर उभं राहिलं की खालची जमीन दिसायचीच नाही. पोलादी तुळया, त्यांवर अंथरलेला पन्हाळी पत्रा आणि त्या पत्र्यावर मी, पुण्याहून आलेली, नोकरीत चार महिने मुरलेली इंजिनिअर. पत्र्यातून तुळईवर वेल्ड केलेला प्रत्येक स्टड, म्हणजे काँक्रीटला धरून ठेवणारा जाड खिळा, अण्णा हातोडीनं वाजवून बघायचे. अण्णा म्हणजे आमचे मुकादम, बेळगावकडचे. आवाज बोदा आला की खडूची फुली. "कान लावा अक्का, बोलतंय ते," म्हणायचे. त्या परक्या गावात मला आपलं वाटणारं तेवढं एकच माणूस होतं. ती टणटण आजही दुपारच्या डुलकीत कानात येते.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी माझं लक्ष गेलं. मधल्या खांबाजवळ लोखंडी जाळी दोन्हीकडून तुळईपर्यंत येऊन थांबली होती. अण्णांना नीटनेटकेपणाचं भारी वेड. जाळ्या एकमेकींवर चढल्या की त्यांना गबाळं वाटायचं, म्हणून त्यांनी सगळ्या एका रेघेत छाटल्या होत्या. काम देखणं होतं, आणि चूक होतं.

"अण्णा, हे परत करावं लागेल. उद्या हा खांब गेला तर?"

"खांब कुठं जातोय अक्का? लग्नाला?" माणसं खो खो हसली.

मी चिडले. अण्णांच्या खांद्यावरचा पंचा घेतला, दोघांना टोकं ताणून धरायला लावली आणि मध्ये खालून तिसऱ्याच्या हाताचा आधार देऊन वर हेल्मेट ठेवलं. आधाराचा हात काढला. पंचा झुकला, पण हेल्मेट राहिलं. मग दोन रुमाल टोकाला टोक लावून तसंच केलं. हात निघाला आणि हेल्मेट थेट पायाशी. जाळी अखंड असेल तर आगीत किंवा स्फोटात खांब गेल्यावरही स्लॅब लोंबेल, पण शेजारच्या खांबांना धरून राहील. माणसांना जिना गाठता येईल.

"सरी, बरं," अण्णा एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी नवी जाळी तुळईवरून पलीकडे नेऊन बांधली. पण चारचौघांत मी त्यांचं काम खोटं ठरवलं होतं. त्यानंतर स्टड वाजवताना त्यांनी मला कधी हाक मारली नाही. मी बरोबर होते, आणि त्याचं मला रडू यायचं.

दोनेक वर्षांनी बसवनगुडीत, भुईमुगाच्या जत्रेत, शेंगांच्या ढिगापाशी ते अचानक समोर आले. मला वाटलं, तोंड फिरवतील. ते थांबले. मुलीला नोकरी लागली म्हणाले, त्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

"मधल्या खांबापाशीच खुर्ची हाय पोरीची," ते म्हणाले. पंच्याचं टोक बोटांत चाळवत राहिले. "ती जाळी... पक्की हाय न्हवं, अक्का?"

"तुम्हीच बांधलीय, अण्णा."