डब्यात हे नको

तेजलबाईंचा जीव मुळातच भित्रा. त्यात विक्रोळीच्या शाळेत दुसरी ‘ब’ त्यांच्याकडे आली आणि सुयोगच्या आईने पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, ह्याला शेंगदाणा अजिबात चालत नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो.” झालं! तेव्हापासून मधल्या सुट्टीची घंटा वाजली की बाई आधी सुयोगचा डबा बघायच्या.

वर्गाच्या ब्लॉगवर त्यांनी सूचना टाकली. आठवड्याभरात ती गॅदरिंगच्या फोटोंखाली गडप. मग एक अख्खा रविवार घालवून बाईंनी कायमची पानं केली: वेळापत्रक, सुट्ट्या आणि ‘डब्यात हे नको’. ही पानं खाली सरकत नाहीत, दारावरच्या पाटीसारखी वरच राहतात. चिक्की, दाण्याची चटणी, भेळ, कांदेपोहे, सगळं लिहिलं. पालकांनी खाली ‘झकास बाई’ म्हणून लिहिलं. बाईंना वाटलं, सुटले.

एका मंगळवारी मधल्या सुट्टीत शाळेतली प्रेमामावशी वर्गाच्या दारात थबकली. मालवणची बाई, नाक भलतं तिखट.

“गे बाय, आज अंगारकी मां?”

“मग?” तेजलबाईंनी विचारलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात उपास नव्हते.

“मग काय मग! आवशींचो उपास, पोरांच्या डब्यात खिचडी. दाण्याच्या कुटाशिवाय खिचडी होता काय?”

बाईंनी वर्गावर नजर टाकली. जिकडे तिकडे साबुदाणा. आणि शेजारी बसलेल्या दिशाचा चमचा सुयोगच्या तोंडात.

“थुंक! सुयोग, थुंक!”

घाबरून त्याने गिळलं.

“बाई, ओठ खाजतोय.”

मावशीने रस्त्यात आडवं उभं राहून रिक्षा थांबवली. त्याला मांडीवर घेऊन बाई छातीला कान लावून बसल्या. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पुढचा येईल ना? आला. आणि पुढचा? इस्पितळाचं फाटक दिसेस्तोवर त्यांनी दुसरं काही ऐकलंच नाही.

इंजेक्शन दिलं. सूज हळूहळू उतरली. सुयोगची आई धावत आली तेव्हा बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“माझ्या डोक्यातच आली नाही हो खिचडी...”

आईने पोराचा हात धरला. म्हणाली, “मी स्वतः उपास करते. घरी दाण्याशिवायच करते खिचडी. तरी तुमचं पान वाचून ‘झकास’ लिहिलं. घ्या मोबाईल. लिहा.”

ती सांगत गेली: खिचडी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दाण्याचे लाडू. बाई एकेक पानावर चढवत गेल्या. सुट्ट्यांच्या पानावर त्यांनी वर्षभराच्या संकष्ट्याही घातल्या.

पुढच्या संकष्टीला एकाही डब्यात दाणा नव्हता. तरी बाई बाकाबाकावर जाऊन वाकून बघत होत्या.

“पान केलंस मां? मगे नाक कित्याक खुपसतंस?” मावशी म्हणाली.

“कुणी वाचलं ते मला दिसत नाही, मावशी. दाणा दिसतो.”

सुयोगने भाजीपोळी संपवली, झाकण लावलं. तेव्हा कुठे बाईंनी आपला डबा उघडला.