काल्याचा पहिला घास

लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून काल्याचा पहिला घास मला सासूबाईंच्या हातचा. भागवत सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी दही, लाह्या, पेरूच्या फोडी, हिरवी मिरची असं सगळं मोठ्या गंजात घालून त्या कोपरापर्यंत हात बुडवून काला कालवायच्या. तो मान त्यांचाच. मग सारं गाव एकमेकांना घास भरवायचं.

मी गावची आशा सेविका. यंदा दोन घरांत हगवण लागली, तशी मी मंदिरापुढच्या बैठकीत ठणकावून सांगितलं, "ज्याचं पोट बिघडलं, त्यानं बरं झाल्यावरही दोन दिवस प्रसादाले हात लावायचा नाही. अन् घास भरवणं यंदा बंद." सगळे हो म्हणाले. आणि काल्याच्या तीन दिवस आधी सासूबाईंचंच पोट बिघडलं.

आदल्या दिवशी थांबलं. काल्याच्या सकाळी बघते तर बाई आंघोळ करून, नवं लुगडं नेसून तयार!

"आई, आज तुम्ही हात नका लावू."

"काऊन? बरी झाली ना मी! साबणानं दोनदा हात धुतले."

"कालच तर थांबलं."

"कोणाले माहीत आहे? तू काय दवंडी देऊन राहिली?"

खरं होतं. कोणालाच माहीत नव्हतं. पण गावाला शिकवायचं आणि घरात गप्प बसायचं, मग लोकांना तोंड कसं दाखवायचं?

"मले माहीत आहे ना," मी म्हणाले.

तशा त्या भडकल्या. "इतकी वर्षं माह्या हातानं कोणी मेला का वं?" आणि पाठ फिरवून बसल्या. मला फार वाईट वाटलं. तरी एकटीच निघाले.

मंदिरात शेजारच्या काकू मोठ्या पळीनं काला कालवत होत्या. तेवढ्यात सासूबाई आल्या. पण त्या गंजाकडे फिरकल्याच नाहीत. दूर कडुनिंबाखाली बसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माह्यं पोट बिघडलं होतं वं बायांनो. सुनेनं मनाई केली. मीठ बेतानं टाका."

मी त्यांच्यासाठी द्रोण भरून नेला. सवयीनं त्यांनी पहिला घास उचलला, माझ्या तोंडापर्यंत आणला आणि हात तिथेच थांबला. मीही मेली तोंड उघडून बसले होते! त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला, हळूहळू चावला.

"तुह्या वाटचा खाल्ला मी," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली दोन घेजो."