साहेबाकडे फिरवलेल्या पाठी
मोहफुलं वाळायला लागली, की त्या वासासरशी अहेरीचं धरणं आठवतं. खाणीसाठी आमचं जंगल देऊ नका म्हणून आम्ही कचेरीसमोर बसलो होतो. साहेब बाहेर आला आणि सगळ्यांदेखत माझ्या आईला म्हणाला, "दारू पिऊन आली काय?" पुढे तोच साहेब ग्रामसभेची संमती मागायला गावात आला. तो बोलायला उठताच आईनं पाठ फिरवली, मग सगळ्या गावानं फिरवली. "अरे, ऐका तरी!" साहेब घामाघूम झाला. आई न वळता म्हणाली, "आमी त पिऊन हाओ, साहेब. काई आयकू नाई येत." मग जे हात वर झाले, ते सगळे नकाराचे. जाताना त्याला कुणी पाणीही विचारलं नाही. लोक म्हणतात, विसर आता. पण त्याचा उतरलेला चेहरा आठवला, की मला अजून जेवण गोड लागतं.