बटईचा अभ्यास

दहावीला आम्ही दोघींनी जीवशास्त्र बटईनं केलं. शेत निम्म्यानं करतात ना, तसं. अर्धे धडे तिनं पाठ करायचे, अर्धे मी, आणि मग एकमेकींना शिकवायचे. ही अक्कल तिची. मला नुसतं "एवढं कधी व्हायचं गं" म्हणून डोकं धरून बसता यायचं.

ती म्हणजे नांदेडात आमच्या शेजारची, भिंतीला भिंत. तिचे अब्बा कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचे, अम्मी ब्लाउज शिवायची. ती उर्दू शाळेत, मी मराठी. तिचं पुस्तक आमच्या दृष्टीनं मागून उघडायचं, पण आकृत्या त्याच, त्यामुळे काही अडायचं नाही. दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. चारनंतर ऊन उतरलं की त्या भिंतीवर दोन पुस्तकं आणि एक मुरमुऱ्यांचं ताट यायचं. अभ्यास निम्मा-निम्मा, पण मुरमुरे जिच्या हाताला लागतील तिचे.

पेशीविभाजन तिच्या वाटणीला होतं. तिनं अम्मीच्या मशीनखालचे लाल-निळे धागे गोळा करून आणले आणि ताट रिकामं करून त्यात गुणसूत्रांसारखे जोडी-जोडीनं मांडले. मग दोन्ही हातांनी दोन्हीकडं ओढले. "देख, ये इधर गए, वो उधर. समझी?" समजलं म्हणाले की सगळे धागे विस्कटून माझ्यापुढं टाकायची. "अब तू कर." मी चुकले की कपाळावर हात मारून घ्यायची, "या अल्लाह, इसकू कौन पास करींगा!" आज मी लातूरला एका क्लासमध्ये हेच शिकवून पगार घेते, पण तिच्यासारखं मला अजून जमलेलं न्हाई.

हा अभ्यास तिच्यासाठी नुसता अभ्यास नव्हता. अब्बांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, "साइंस में पचहत्तर लाई तो लातूर. नै तो अम्मी के साथ मशीन पे बैठना." पुढं दोघींनी लातूरला अकरावी करायची, एकच खोली घ्यायची, असं आमचं पक्कं ठरलेलं. स्वयंपाक कोण करणार यावरून तर खोली बघायच्या आधीच आमचं दोनदा भांडण झालं होतं. मला पंचाहत्तरची धास्ती नव्हती. माझ्या घरात कुणी आकडा ठरवला नव्हता.

तिनं तिची वाटणी आधी संपवली. माझे धडे, म्हणजे आनुवंशिकता आणि प्राण्यांचं वर्गीकरण, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवले होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात उदगीरला तिच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. "चार दिन में आती, फिर दिनभर बैठेंगे," म्हणाली. मी अशी भडकले की विचारू नका. म्हणाले, "जा, बिर्याणी खा, आणि पेपरात पण बिर्याणीच लिही!" ती हसायला लागली. मी चेष्टा करते असंच तिला वाटलं.

पेपरला दोन दिवस उरले तेव्हा ती आली. चार वाजता वरून हाक ऐकू आली, "अगे, आ ना!" मी खाली खाटेवर जागी होते. आई म्हणाली, "अगं, ती बोलावून राहिली, जा की वर." मी म्हणाले, डोकं दुखतंय म्हणून सांग. दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीवर फूटपट्टी वाजवली, कितीतरी वेळ वाजवली. मी उशी कानावर ओढून घेतली.

राग आला होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. कसला राग! माझं काम भागलं होतं. तिचे धडे माझ्या वहीत आले होते, माझे माझ्याजवळ होतेच. ही नुसती लबाडी होती, आणि ती मी तिच्याशी केली.

पेपरात पेशीविभाजन आलं. मी लिहीत गेले ते जवळजवळ तिच्याच आवाजात. ये इधर गए, वो उधर. मग पुढचा प्रश्न प्राण्यांच्या वर्गीकरणाचा. तो वाचला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या सेंटरवर, हाच प्रश्न आत्ता तिच्यापुढं असणार. माझं पेन थांबलं नाही, हेही सांगते.

ती आता हैदराबादला असते, लग्न होऊन. ईदला मेसेज येतो, मी दिवाळीला करते. मधे काही नाही. मला तिची लई आठवण येते. चार वाजता क्लासची सुट्टी होते, पोरी घोळक्यानं चहाला जातात, एकमेकींच्या वह्या ओढतात, तेव्हा तर जीव कासावीस होतो. मला परत ती भिंत पाहिजे, ती पाहिजे, तिच्या शिव्या पाहिजेत. खरं काय ते सांगायला कितीदा फोन हातात घेतला. पण काय तोंडानं सांगू?

निकालाच्या दिवशी मला विज्ञानात एकोणनव्वद पडले. आईनं पेढे देऊन मला शेजारी पाठवलं. तिचे अब्बा मोबाइल हातात धरून पलंगावर बसले होते. तिला एकाहत्तर होते. अम्मी मशीनवर बसलेली, पण मशीन बंद. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. चिडून नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं, "बेटा, तुम दोनो तो आधा-आधा पढते थे. फिर इसका कायकू कम आया?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा. सांगायचं तर आत्ताच, एवढं कळत होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी तीच बोलली. माझ्याकडं न बघता.

"इने पूरा पढाई थी, अब्बा. मेरेकुच याद नै रहा."

अब्बा उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बहोत मेहनत करी तूने इसके पीछे. जा बेटा, लातूर जा."

आणि मी मान हलवून "हाव" म्हणाले.