चिंधाबाईच्या घरामागचा डोंगर

फोटोच्या धंद्यात जन्म काढला की हाताशी फोटो कमी आणि किस्से जास्त उरतात. काचेच्या निगेटिव्ह फुटतात, न फुटलेल्यांना बुरशी धरते, छापलेला फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं. मागं राहतात त्या गोष्टी. त्या कोणी नेत नाही, म्हणून साचत जातात. यवतमाळच्या आमच्या स्टुडिओत आम्ही तिघं होतो. मालक गुलाबराव, निगेटिव्ह दुरुस्त करणारा भास्कर आणि कॅमेरा सांभाळणारा मी. साठ सालाच्या आगेमागे चार-पाच वर्षं आम्हाला डोंगरांच्या फोटोंचं खूळ लागलं होतं. त्यातल्या काही गोष्टी सांगतो. खोट्या वाटल्या तर वाटू द्या, आम्हाला त्याची सवय आहे.

*

खुळाचं कारण एक पाकीट. गुलाबरावांनी लांबच्या एका स्पर्धेला आपल्या जिल्ह्यातल्या डोंगराचा फोटो पाठवला होता. तो त्या पाकिटातून परत आला. मागं कोणा परीक्षकानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वऱ्हाडात कापूस असतो. हा डोंगर कुठला ते खरं कळवावं."

गुलाबराव एरवी चहात साखर कमी पडली तरी चिडायचे. त्या दिवशी चिडले नाहीत, त्यामुळे मी आणि भास्कर घाबरलो. त्यांनी ते पाकीट काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलं आणि ऐन लग्नसराईत भर दुपारी स्टुडिओचं दार ओढून घेतलं.

"लोकं लग्नं दरवर्षी करतात," म्हणाले. "आपण डोंगर काढू."

*

डोंगर पाहायची सगळ्यात चांगली जागा केळापूरच्या पलीकडं होती. कोळशाची बंद पडलेली खाण. खाणीत पाणी भरलं, कंपनी गेली, मागोमाग माणसं गेली. उरली चाळीस क्वार्टरांची एक लांबलचक लाईन, तीही दारं-खिडक्या उपटून नेलेली, आणि इंजिनाचा दगडी ओटा. सकाळी त्या ओट्यावर उभं राहिलं की डोंगरांच्या एकामागं एक तीन रांगा दिसायच्या. पहिली हिरवी, दुसरी निळी, तिसरी असेल-नसेल अशी. हिमालय पाहिलेल्यांनी हसू नये. आम्हाला तेवढा डोंगर पुरत होता.

एसटी पांढरकवड्याला सोडायची. पुढचा रस्ता सकरूच्या बैलाचा. सकरू तिथल्या तांड्यावरचा बंजारा शेतकरी, वय पन्नाशीचं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेला. सकरू कॅमेऱ्याची पेटी एका बाजूला आणि काचांची पेटी दुसऱ्या बाजूला अशी तोलून बांधायचा, की वाटेत एकदाही काच तडकली नाही. गुलाबराव तरी दर दहा पावलांना "हळू, हळू" करायचे.

"बैलाले सांगू नका काच हाय म्हणून," सकरू म्हणाला. "त्याले वाटून राह्यलं मीठच हाय."

*

पहिल्याच दिवशी ओट्यावर तिपाई लावली, गुलाबराव काळ्या फडक्याखाली शिरले आणि आतूनच ओरडले, "धूर कुठला आला?"

धूर होता क्वार्टर नंबर अकराचा. चाळीसपैकी त्या एका घराला दार होतं, भिंतीला चुना होता, पुढं वांग्याची चार झाडं होती. आणि दारात कमरेवर हात ठेवून एक बाई उभी होती. चिंधाबाई. तिनं या खाणीत कोळशाची टोपली वाहिली, नवरा याच खाणीत गमावला, आणि सगळे गेले तेव्हा ती राहिली.

काहून राहिलीस, असं तिला सकरूनं एकदा विचारलं होतं. छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आल्या आल्या घराला स्वतः चुना लावला आणि जुन्या गावी परत जायचं नाही असं ठरवून टाकलं. "इथं माया घराले नंबर हाय," ती म्हणाली होती. "गावात नंबर नव्हता, कोपरा होता."

गुलाबरावांनी तिला जरा आत जायला सांगितलं. शुद्ध डोंगर हवा होता त्यांना. बाई आत जायच्याऐवजी ओट्यावर आली, फडकं उचललं आणि डोकं आत घातलं. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. आभाळ खाली, जमीन वर.

बाई बाहेर आली. "मायं घर उलटं लटकवलं तुमी."

गुलाबरावांनी समजावलं, की हे असंच असतं, कागदावर छापलं की सरळ येतं.

"कागदावर सरळ येते असं सगळेच सांगतेत," चिंधाबाई म्हणाली. "येतानी कोनाचंच पाह्यलं नाई."

त्या दिवशीचे सगळे फोटो घरासकट निघाले. धुरासकट. कमरेवरच्या हातांसकट.

*

आमच्या फोटोंना वेळ लागायचा. गुलाबरावांचा हट्ट होता की पुढच्या दगडापासून मागच्या रांगेपर्यंत सगळं रेखीव यायला हवं. त्यासाठी भिंगाचं तोंड अगदी बारीक करायचं आणि मनातल्या मनात अंक मोजत उभं राहायचं. डोंगर हलत नाही, पण बैल हलतो. एका फोटोत सकरूचा बैल आला तो मुंडक्याशिवाय. चार पाय, पाठ, वशिंड, आणि पुढं नुसता धूसर ढग.

सकरूनं तो फोटो पाहिला आणि बैल सोडून घेऊन गेला. बैलाची बेअब्रू झाली होती. मुंडक्यासकट फोटो निघेपर्यंत पेटी उचलणार नाही, हा त्याचा निरोप. गुलाबरावांनी त्याची समजूत घालून पाहिली, मी घातली, शेवटी सांगितलं की ये बाबा स्टुडिओत.

आम्ही हे तोंडदेखलं म्हटलं होतं. सकरू खरंच आला! मजल दरमजल बैल घेऊन, शिंगं रंगवून, पाठीवर आरशांची झूल घालून. स्टुडिओत मागं रंगवलेला पडदा होता, कारंजं आणि संगमरवरी कठड्याचा. त्याच्यापुढं बैल उभा केला. मी भिंग उघडलं, मोजलं, बंद केलं. फोटो असा आला की पापणीचा केस न् केस मोजावा. गुलाबरावांनी तो दर्शनी कपाटात लावला, नवरा-नवरींच्या वर. गिऱ्हाइकं कुरकुरली. त्यांना गुलाबराव एकच उत्तर द्यायचे.

"यंदा न हलता उभं राहिलेलं हे एकच गिऱ्हाईक आहे."

*

मग खाणीवर एका खात्याची नजर पडली. खात्याच्या साहेबांना तिथं विश्रामबंगला बांधायचा होता, डोंगर पाहायला. त्यासाठी जागा कागदावर रिठ, म्हणजे ओसाड गाव, म्हणून लागायला हवी होती. तशी लागली की चाळीसही क्वार्टर पाडायचे. अकरा नंबरसुद्धा.

चौकशीला एक कारकून आला. नेमके आम्ही ओट्यावर होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. चिंधाबाईनं पहाटेच सात रिकाम्या घरांत चुली पेटवल्या होत्या. सकरूनं गोवऱ्या पुरवल्या, तो तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. कारकून पहिल्या धुराच्या घरी गेला, चिंधाबाई बाहेर आली. चौथ्या घरी गेला, चिंधाबाई बाहेर आली, डोक्यावर पदर. सातव्या घरी गेला तर चिंधाबाईच, पदर दुसऱ्या खांद्यावर आणि धाप लागलेली. भिंती पडलेल्या असल्यानं ती मागच्या मागं पळत होती.

कारकून भला माणूस. त्यानं वही मिटली, ओट्यावर बसला आणि विचारलं, "बाई, तुम्ही आहात तरी किती?"

"सात लिवा."

त्यानं तिच्या हातचा चहा घेतला, बराच वेळ डोंगराकडं पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, लोकसंख्या एक. सात खोटे होते, एक खरा होता. पण एक असला तरी गाव ओसाड ठरत नाही. साहेबांचा बंगला त्या एका आकड्यापाशी अडला.

*

आता भास्करबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भास्करला आम्ही डॉक्टर म्हणायचो. देवीचे व्रण, सुरकुत्या, कपाळावरचं टेंगूळ, निगेटिव्हवर सगळं बरं करायचा. काळं करायचं तिथं चाकूनं खरवडायचा, पांढरं करायचं तिथं काचेवर लाल रंग भरायचा, कारण लाल रंगातून उजेड जात नाही आणि कागद तिथं कोरा राहतो. त्याच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे भरपूर व्रण होते. स्वतःच्या फोटोला त्यानं कधी पेन्सिल लावली नाही.

दिग्रसचा एक कापसाचा व्यापारी जुन्या घरच्या फोटोची काच घेऊन आला. भावाशी वाटणी झाली होती आणि त्याला भाऊ फोटोतून काढून हवा होता. भास्करनं काच उजेडात धरली आणि परत दिली.

"डाग काढतो," म्हणाला. "माणूस काढत नाही."

व्यापारी बराच बोलला. भास्कर दुसऱ्या कामाला लागला होता. शेवटी व्यापाऱ्यानं तिथंच उभं राहून खिशातल्या किल्लीनं भावाला खरवडायला सुरुवात केली. पण निगेटिव्हवर उजवं-डावं समजायला सवय लागते. त्यानं स्वतःचंच तोंड पुसलं, भाऊ तसाच हसत राहिला.

*

पुढं यवतमाळात जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन भरलं. विश्रामबंगल्याचे तेच साहेब स्टुडिओत आले. आमचे डोंगर त्यांनी पाहिले होते आणि तीन रांगांचा आमचा सगळ्यात चांगला फोटो त्यांना भिंतीएवढा करून हवा होता. फोटो मंडपात दर्शनी लागणार, बाहेरचे बडे पाहुणे पाहणार, आणि तिथंच विश्रामबंगल्याला होकार मिळवायचा. खाली लावायची पाटीसुद्धा रंगवून झाली होती: "ओसाड खाणीवरून दिसणारी डोंगररांग."

गुलाबराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्या पेन्सिलवाल्या परीक्षकाला ते इतकी वर्षं मनात उत्तर देत होते. आता सगळा जिल्हा त्यांचा डोंगर पाहणार होता.

साहेबांनी फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. चुन्याचं घर, धूर, कमरेवर हात. "तो डाग तेवढा काढा," म्हणाले आणि गेले.

फोटोतून घर गेलं तर त्या भिंतीएवढ्या फोटोनं जागा ओसाड ठरणार, हे तिघांनाही कळत होतं. नाही म्हणावं तर त्या साहेबांच्या शब्दावर आम्हाला मिळणारं सगळं सरकारी काम जाणार, हेही कळत होतं. मला भीती वाटत होती, ती कबूल करतो. गुलाबराव काउंटरवरच्या त्या जुन्या पाकिटाकडं पाहत राहिले. मग त्यांनी डोंगराच्या निगेटिव्हची काच उचलून भास्करच्या पुढ्यात ठेवली.

"डॉक्टर, तुम्हाला जे डाग वाटतं ते काढा," म्हणाले. "मी बघायला येत नाही."

भास्कर दोन दिवस काचेवर वाकून होता. तिसऱ्या दिवशी मी कागद ट्रेमध्ये सोडला आणि माझे हात थांबले. पण मी तो कागद पुरा धुतला आणि वाळत घातला.

मंडपात फोटोवर पडदा होता. पाहुणे आले, साहेबांनी दोन शब्द सांगितले, पडदा ओढला. डोंगर नव्हता. हिरवी रांग नाही, निळी नाही, तिसरी तर नाहीच. भिंतीएवढा कोरा पांढरा कागद, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक घर. दारावर अकरा आकडा, वांग्याची चार झाडं, धूर, कमरेवर हात ठेवलेली बाई. आणि खाली ती पाटी.

पाहुण्यांनी पाटी वाचली, बाईकडं पाहिलं, परत पाटी वाचली. "ओसाड?" एवढंच विचारलं.

साहेबांनी भास्करला बाजूला ओढलं. डोंगर कुठं आहे, असं विचारताना त्यांचा आवाज चिरकला.

"डाग काढायला सांगितला होता साहेब," भास्कर म्हणाला. "काढला."

तेवढ्यात गर्दीतून सकरू पुढं आला. त्याच्याबरोबर चिंधाबाई होती, एसटीनं आलेली, नवं लुगडं नेसलेली. ती फोटोच्या अगदी जवळ गेली, वरपासून खालपर्यंत निरखलं, दारावरच्या आकड्यावर बोट टेकवलं. मग गुलाबरावांकडं वळली.

"सरळ आलं," म्हणाली.