स्वेटरच्या दुकानामागचा पडदा

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, बालाघाटच्या कोर्टकचेरीसमोर भरदिवसा एक म्हातारी पडद्याआड गेली आणि पृथ्वीवरून नाहीशी झाली. मी तेव्हा तिथला ठाणेदार; थान्याच्या रोजनामच्यात, म्हणजे पोलिसांच्या रोजच्या नोंदवहीत, मी जवळपास असंच लिहिलं होतं. हिवाळ्यातली ती दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

म्हातारी वारासिवनीकडच्या खेड्यातली. मुलासोबत कोर्टाच्या तारखेला आलेली. त्याने तिला फुटपाथवरच्या स्वेटरच्या दुकानाजवळ उन्हात बसवलं आणि तो आत गेला. परत येतो तर आई नाही! समोरच्या पानठेलेवाल्याने खबर दिली, "साहेब, त्या नेपाळणीच्या पडद्यामागं गेली बुढी. आलीच नाई बाहेर. म्या डोळ्यानं पाह्यलं."

दर हिवाळ्यात येणाऱ्या त्या स्वेटरवाल्यांना आम्ही सरसकट नेपाळी म्हणायचो. ही बाई हिमाचलची आहे, हे मला तिचा जबाब लिहिताना कळलं.

पडदा मी स्वतः उचलला. मागे भिंतीला टेकवून कपड्यांचे गठ्ठे रचलेले, बाकी काही नाही. बाईला थान्यात आणलं, पाठोपाठ गर्दी आली. "बुढीच्या गळ्यात सोनं होतं," कोणी ओरडलं. दुकानाचे दोन बांबू उपटले गेल्याची खबर आली. "पेटवून द्या," असंही ऐकू येऊ लागलं. माझ्याकडे शिपाई मोजके. तासाभरात म्हातारी सापडली नाही, तर दुकान जळणार आणि बाईचं काय होईल ते सांगता येत नव्हतं.

"अम्मा कहाँ है?"

"चली गई होगी, साहब."

"किधर से?"



मी टेबलावर हात आपटला. आवाज चढवला, या नाट्यात मी बरा होतो. ती घाबरली, रडली, पण बोलेना. खोटं बोलणारा माणूस साहेबाकडे बघतो नाहीतर दाराकडे. ही माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी वळलो. मागे माझी हेड कॉन्स्टेबल उभी होती. भल्याभल्या गुंडांना नजरेनेच गार करणारी ती बाई चक्क फरशी न्याहाळत होती!

"काय झालं?"

"साहेब, जरा बाहेर या."

व्हरांड्यात ती भराभर बोलली. "त्या गठ्ठ्यामागं भिंतीले भगदाड हाये. पल्याड बंद गोदामाचं अंगण. कचेरीत आलेल्या बाया लघवीले तिथंच जातात. दुसरी जागा कुठं हाये? बंदोबस्ताच्या दिवशी आमीबी जातो. मंग भाजीबाजाराच्या फाटकातून निंगतो."

"मग ती सांगत काहून नाही?"

"सांगितलं तर उद्याच भगदाड बुजवतीन. कोण्या माणसाले सांगायचं नाई, असं साऱ्याजणीचं ठरलं हाये. गर्दी पाहून तिनं गठ्ठे लावले असतीन."

दोघींना जीपमध्ये घालून मी निघालो. गर्दी मागे होतीच, ती शिपायांनी पडद्याबाहेर थोपवली. गठ्ठे हटवले, हेड कॉन्स्टेबल आत गेली. मग तिची हाक, "साहेब, हाये! जित्ती हाये!"

म्हातारीचा पाय मुरगळला होता आणि फाटकाला कोणीतरी बाहेरून कुलूप घातलं होतं. पुरुषांचे आवाज ऐकून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

शहराचा नकाशा माझ्या टेबलावर काचेखाली असायचा. ही वाट त्यात नव्हती. एकमेकींची भाषा धड न येणाऱ्या बायांनी ती येता-जाता पाडली होती, आणि ती माझ्या हाताखालच्या बाईलाही ठाऊक होती. त्यानंतर कोणालाही दरडावण्याआधी मी माझ्याच माणसांना विचारू लागलो. भगदाडाबद्दल मात्र मी रोजनामच्यात एक अक्षर लिहिलं नाही.

एका बाजूने स्वेटरवाली, दुसरीकडून हेड कॉन्स्टेबल, अशी मधे लंगडत म्हातारी बाहेर आली. मुलगा धावला. तिने त्याला बाजूला सारलं, सगळ्या गर्दीवर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"एवढे माणसं मले ढुंढून राह्यले, अन् एकानंबी आपल्या घरच्या बाईले फोन करून नाई इचारलं?"